यशवंतराव होळकर : हडपसरची एक सकाळ

भीमेच्या काठाने दौंडहून गारकडे जाताना इतिहासाची आठवण व्हावी असे काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, मधे कालवा, लांबवर रेल्वेची मालगाडी. नाव घेण्याजोगा डोंगरी किल्ला आमच्या तालुक्यात नाही, आणि पेडगावचा भुईकोट आहे तो नदीपलीकडे, श्रीगोंद्यात. त्यामुळे आमच्या भागातल्या मुलांची अशी समजूत असते की इतिहास घडला तो रायगडावर, पन्हाळ्यावर आणि फार तर शनिवारवाड्यात. आपण आपले शेतकरी. पण १८०२ च्या मोहिमेच्या हकिकतीत जी गावे येतात त्यांत गारदौंड आहे, कुरकुंभ आहे, बारामती आहे, मोरगाव आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस एक प्रचंड फौज ह्याच रस्त्यांनी पुण्याकडे गेली. ती मोगलांची नव्हती, निजामाची नव्हती, इंग्रजांचीही नव्हती. मराठ्यांची फौज मराठ्यांच्या राजधानीवर चालून चालली होती आणि तिच्या पुढे होता पंचविशी नुकती पार केलेला, एका डोळ्याने अधू असलेला यशवंतराव होळकर.

पाठ्यपुस्तकात ह्या लढाईला एकच वाक्य मिळते. होळकराने पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि वसईचा तह झाला, एवढेच. परीक्षेला तेवढे पुरते. मी मात्र ग्रंथालयातून ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ घरी नेली आणि ती संपेपर्यंत दुसऱ्या पुस्तकाला हात लावला नाही. कादंबरी ती कादंबरी, तिच्यावर इतिहासाचा पेपर लिहिता येत नाही, हे आमच्या सरांनी बजावले होते. म्हणून मग जाड जाड इतिहासग्रंथ काढले. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच. वडिलांना सातबाऱ्यापलीकडे कागद माहीत नाही. त्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी विचारले की एवढ्या घोड्यांना वैरण कुठून आणली असेल? हा प्रश्न मला कोणत्याच पुस्तकात इतक्या सरळपणे विचारलेला आढळला नाही. तो मी पुढे घेणार आहे.

यशवंतरावाचा जन्म ३ डिसेंबर १७७६ चा, खेड तालुक्यातल्या वाफगावचा, असे मानले जाते. शिरूरपासून वाफगाव काही लांब नाही. वडील तुकोजी होळकर, अहिल्याबाईंचे सेनापती. तुकोजींना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे औरस, यशवंतराव आणि विठोजी हे दुसऱ्या स्त्रीपासून झालेले. काशीराव थोरला, पण अंगाने आणि बुद्धीने अधू म्हणून त्याची गणना होई. मल्हारराव धडाडीचा. १७९५ साली अहिल्याबाई गेल्या, १७९७ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात तुकोजी गेले, आणि होळकरांच्या दौलतीला वाली उरला नाही. पुण्यात तेव्हा दौलतराव शिंदे तळ देऊन बसला होता. महादजींचा हा दत्तक वारस वयाने कोवळा, पण हाताशी द बॉयनने उभ्या केलेल्या कवायती पलटणी आणि तोफा. काशीराव त्याच्या मुठीत गेला.

१४ सप्टेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या पलटणींनी भांबुर्ड्यात मल्हाररावाच्या छावणीला वेढा घातला आणि अचानक हल्ला चढवला. मल्हारराव लढता लढता ठार झाला. यशवंतराव आणि विठोजी निसटले. मल्हाररावाची बायको गरोदर होती. तिला पुढे मुलगा झाला, त्याचे नाव खंडेराव. तो तान्हा जीवही शिंद्यांच्या कबजात गेला. म्हणजे यशवंतरावाच्या डोक्यावरचे छप्पर महिनाभरात उडाले. बाप गेला, भाऊ मारला गेला, दौलत परक्याच्या हाती गेली, आणि त्याचे वय वीस पूर्ण. आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा एखाद-दुसऱ्या वर्षाने मोठा.

तो नागपूरला रघूजी भोसल्यांच्या आश्रयाला गेला. तिथे आश्रयाऐवजी कैद मिळाली. तिच्यातून तो १७९८ साली निसटला आणि खानदेशात, नर्मदेच्या काठाने, भिल्लांच्या आणि पठाणांच्या संगतीने फिरत राहिला. धारच्या आनंदराव पवारांकडे काही दिवस काढले. माणसे त्याच्याभोवती का जमली हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्याच्याकडे देण्याला पैसा नव्हता. पगाराऐवजी लुटीचे आश्वासन होते, आणि त्याचबरोबर स्वतः सर्वांच्या पुढे घोडा घालणारा म्हातारा नव्हे तर तरणा सरदार होता. वर्षभरात त्याने कसरावदला काशीरावाच्या बाजूच्या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणींना हरवले आणि महेश्वर घेतले. तो फ्रेंच सरदार पुढे त्याच्याच चाकरीला आला. अमीरखान पठाण मिळाला. ह्याच काळात बंदुकीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला.

धाकटा विठोजी दक्षिणेत राहिला होता. त्याने पेशव्यांच्या मुलखात पुंडावा मांडला, त्यात खोटे काही नाही. बापू गोखल्यांनी त्याला पकडून पुण्याला आणले. १६ एप्रिल १८०१ रोजी शनिवारवाड्यासमोर विठोजीला हत्तीच्या पायाला बांधून मारण्यात आले. दुसरा बाजीराव हे वाड्यातून पाहत होता. अनेक इतिहासकारांनी ह्या एका कृत्यात मराठी राज्याच्या शेवटाची सुरुवात पाहिली आहे. पुंड सरदाराला शिक्षा देण्याचा पेशव्याला अधिकार होता. पण शिक्षा देणे वेगळे आणि त्या शिक्षेची मौज पाहणे वेगळे.

ह्यानंतर यशवंतरावाने शिंद्यांशी उघड युद्ध केले. जुलै १८०१ मध्ये त्याने उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. ऑक्टोबरमध्ये इंदूरला त्याचा सपाटून पराभव झाला, त्याच्या तोफा गेल्या आणि सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले. पराभवानंतर फौज सहसा पांगते. ह्याची पुन्हा जमली. १८०२ च्या उन्हाळ्यात तो दक्षिणेकडे वळला. वाटेत नगरकडच्या मुलखात शिंद्यांची श्रीगोंदे, जांबगाव ही ठाणी त्याने जाळली-लुटली. श्रीगोंदे म्हणजे आमच्या समोरचा तीर. मधे फक्त भीमा.

त्याचे मागणे काय होते? खंडेरावाला अशीरगडच्या कैदेतून सोडा, होळकरांची दौलत होळकरांना द्या, शिंद्याला आवरा. पेशव्याचा तो चाकर आहे हे तो नाकारत नव्हता. धन्याने दोन चाकरांत न्याय करावा असे त्याचे म्हणणे. बाजीरावाने गोड बोलून वेळ काढला आणि आतून शिंद्यांच्या कुमकेची वाट पाहिली. इतक्यात फत्तेसिंग माने ह्या होळकरांच्या सरदाराने ८ ऑक्टोबर १८०२ रोजी बारामतीजवळ पेशव्यांची फौज उधळून लावली.

आता वडिलांचा प्रश्न. होळकरांच्या बाजूला सुमारे पंचवीस हजार स्वार होते असे इतिहासकार सांगतात. एका घोड्याला दिवसाला दहा किलो वैरण धरली तर पंचवीस हजार घोड्यांना अडीचशे टन लागते. दीड टनाची बैलगाडी धरा. म्हणजे रोज एकशे साठ-सत्तर गाड्या वैरण, आणि तीही एका बाजूची. त्यात बाजारबुणगे, तोफा ओढणारे बैल, उंट, हत्ती धरलेले नाहीत. आश्विन महिना म्हणजे आमच्याकडे बाजरी खळ्यावर येण्याचा आणि रब्बीची ज्वारी नुकती उगवून वर येण्याचा काळ. खळ्यावरचे धान्य गेले म्हणजे खायला नाही, कोवळी ज्वारी चारली म्हणजे पुढच्या वर्षी वैरण नाही. फौजेच्या मागे पेंढारी होतेच. ते जे उरेल ते उचलत. गारदौंड, कुरकुंभ ही नावे हकिकतीत नुसती येऊन जातात, तिथल्या खळ्यांचे काय झाले ते कोणी लिहीत बसले नाही. पण पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला आणि १८०३-०४ साली पुणे-नगर भागात भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा त्याच्या कारणांत नुसते अवर्षण सांगत नाहीत, होळकरांच्या फौजेने केलेली लुटालूटही सांगतात.

बारामतीनंतर फौजा जेजुरीजवळ एकत्र आल्या. खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. गडावरच्या बऱ्याच बांधकामांना होळकरांचा पैसा लागलेला. पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज पुण्याजवळच्या एका खिंडीत वाट अडवून बसली होती. यशवंतराव त्या खिंडीकडे फिरकलाच नाही. राजेवाडीच्या वाटेने घाट उतरून २३ ऑक्टोबरला तो लोणी आणि हडपसर यांच्या मधे येऊन उतरला. त्याच्या जवळ चौदा कवायती पलटणी होत्या, त्यांवर विकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग हे गोरे अधिकारी. समोर शिंद्यांचा सरदार सदाशिव भास्कर बक्षी, त्याच्याकडे द बॉयनच्या जुन्या चार पलटणी कॅप्टन डॉजच्या हाताखाली आणि अंबूजी इंगळ्यांच्या आणखी पलटणी. शिवाय पेशव्यांची हुजरात. स्वारांत होळकर वरचढ, तोफांत शिंदे वरचढ. हे गणित दोन्हीकडच्या साध्या शिपायालाही कळत होते.

दोन दिवस बोलणी चालली. ती फिसकटली. २५ ऑक्टोबर १८०२ ची सकाळ उजाडली. दिवस दिवाळीचे. पुण्यातल्या घरांत अभ्यंगस्नाने आटोपली असतील नसतील, तोच हडपसर, वानवडी, घोरपडीच्या माळावरून तोफांचे आवाज येऊ लागले.

इथे मला थांबावेसे वाटते, कारण सगळी पुस्तके इथून पळत पळत निकालाकडे जातात. हल्ला होण्यापूर्वीचा जो वेळ असतो तो शिपायाच्या दृष्टीने सर्वांत लांब असला पाहिजे. समोर तट नव्हता, खंदक नव्हता. पण पाठीशी पलटण घेऊन ओळीने उभ्या केलेल्या तोफा हाच एक तट असतो. दगडी तट जागचा हलत नाही आणि माणूस मारत नाही. हा तट आग ओकतो. तोफेचे काम मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. आधी ओला पोतेरा आत फिरवून ठिणगी विझवायची, मग दारूची थैली, मग गोळा, मग ठासणीच्या गजाने ठासायचे, कानात दारू भरायची आणि बत्ती द्यायची. तरबेज गोलंदाज हे सर्व अर्ध्या मिनिटात उरकतात. लांबवर भरीव गोळा टाकतात, तो जमिनीवर आपटून उड्या घेत येतो आणि रांगेतली माणसे व घोडी कापीत जातो. शत्रू जवळ आला की गोळ्याऐवजी छर्ऱ्याची थैली. तिच्यापुढे घोड्याची छाती म्हणजे कागद. भरधाव घोडा मिनिटाला चार-पाचशे मीटर जाऊ शकतो. म्हणजे छर्ऱ्याच्या टप्प्यात शिरल्यापासून तोफेपर्यंत पोचेतो गोलंदाजाला एक बार नक्की मिळतो, सावध असेल तर दोन. पहिल्या रांगेतल्या स्वाराने हा हिशेब करायचा नसतो. केला तर घोडा पुढे जाणार नाही.

आणि घोडा कोणाचा? ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा. तो त्याने कर्ज काढून, कधी शेत गहाण टाकून घेतलेला असे. घोडा आहे तोवर त्याला पगार. घोडा मेला की शिलेदार भिकारी. आपल्या स्वारांनी तोफांवर सरळ जाऊ नये, रसद तोडावी, बगलेला लागावे, ही गनिमी काव्याची रीत म्हणून आपण तिचे कौतुक करतो. तिच्यामागे हा घोड्याचा हिशेबही आहे असे माझे मत झाले आहे. आमच्याकडे दावणीचा बैल दगावला तर घरात दोन दिवस चूल पेटत नाही. त्या सकाळी हजारो शिलेदारांना आपापला बैल घेऊन आगीत उडी टाकायची होती असे म्हटले म्हणजे मला ते समजते.

आणखी एक. समोर कोण होते? शिंद्यांच्या पलटणींत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई पुष्कळ, तसेच होळकरांच्या पलटणींतही. गोरे अधिकारी दोन्हीकडे. मराठी स्वार दोन्हीकडे, एकमेकांचे सोयरे-धायरे, एकाच बाजारात घोडे घेतलेले. भाले तेच, शिव्या त्याच, देव तेच. पानिपतावर शिंदे आणि होळकर एका बाजूने उभे होते, त्याला चाळीस-एकेचाळीस वर्षे झाली होती. ती लढाई पाहिलेली म्हातारी माणसे गावागावांतून तेव्हा अजून असतील.

यशवंतरावाने आपल्या लोकांना आधी बार करू नका असे बजावले होते, समोरून पंचवीस गोळे येईतो थांबा असा त्याचा हुकूम होता, अशी हकीकत सांगतात. धन्यावर पहिला वार आपला नसावा हा त्यामागचा हेतू. आकडा पंचवीसचा असो वा नसो, पेशव्यावर हत्यार उचलताना त्याला संकोच होता हे त्याच्या बोलण्या-वागण्यावरून दिसते. पण एका माणसाच्या संकोचाची किंमत रांगेत उभे असलेल्यांनी द्यायची असते. गोळे येत आहेत, शेजारचा पडतो आहे, आणि हुकूम नाही. त्या वेळी लगाम आवरून उभे राहण्याला धावून जाण्यापेक्षा जास्त छाती लागत असली पाहिजे.

मग लढाई जुंपली. विकर्सच्या पलटणींनी अंबूजी इंगळ्यांच्या पलटणींना मागे रेटले. पण स्वारांचा हल्ला फसला. शिंद्यांच्या माऱ्यापुढे होळकरांचे स्वार फुटले, मागे फिरले, आणि घटकाभर लढाई हातची गेली असे दिसू लागले. यशवंतराव दुरून पाहत होता. तो घोड्यावर बसला. पळणाऱ्यांच्या आडवा गेला. ज्याला परत जायचे असेल त्याने खुशाल जावे, यशवंतराव काही परत फिरणार नाही, अशा अर्थाचे तो बोलला म्हणतात. जमेल तेवढे स्वार गोळा करून त्याने नीट डॉजच्या तोफांच्या रांगेवर घोडी घातली. रांगेत तो शिरला. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. तोफेपाशी उभे राहून ठासणीच्या गजांनी, तलवारींनी लढले आणि तिथेच कापले गेले. त्यांतल्याच एका गोलंदाजाच्या तलवारीचा वार यशवंतरावाच्या डोक्यावर बसला. अंगावर भाल्याचीही जखम झाली. डॉज पडला. त्याच्या बरोबरीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांतलेही बहुतेक पडले. त्याच्या पलटणींचे जवळजवळ निम्मे शिपाई कामास आले. होळकरांकडचा हार्डिंगही मारला गेला. दुपारपर्यंत सर्व आटोपले. तोफा, सामान, छावणी होळकरांच्या हाती आली.

पेशव्यांची हुजरात फारशी लढली नाही. स्वतः बाजीराव विजय पाहायला म्हणून बाहेर पडला होता. तोफा ऐकून तो वळला, पर्वतीकडे गेला, तिथून वडगाव आणि मग सिंहगड. पुढे महाड, सुवर्णदुर्ग करीत इंग्रजांच्या जहाजाच्या आश्रयाने वसईला. ज्याच्यासाठी दोन्हीकडची माणसे मेली तो त्या माळावर नव्हताच.

लढाईनंतर इंग्रजांचा वकील कर्नल क्लोज यशवंतरावाला भेटला, त्या भेटीचे वर्णन मला विसरता येत नाही. पुण्याचा विजेता एका लहानशा राहुटीत होता. राहुटीत घोट्याइतका चिखल. डोक्याला बांधलेले, अंगावर भाल्याची जखम. पण बोलणे सभ्य आणि आर्जवी. इंग्रजांशी त्याला वैर नको होते. पेशव्याने परत यावे, आपला न्याय करावा, हेच तो अजून म्हणत होता. त्याने बाजीरावाला निरोपांवर निरोप पाठवले. शहराची लूट होऊ नये म्हणून पहारे बसवले. ह्या गोष्टी त्याच्या बाजूने सांगितल्या पाहिजेत. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फौजेचा पगार थकला होता, बाजीराव येईना, तेव्हा त्याच यशवंतरावाच्या अमलात पुण्याच्या सावकार-गृहस्थांकडून मारहाण करून पैसा काढण्यात आला. शिपायाला लुटू दिले नाही, सरकारी शिक्क्याने लुटले. अमृतरावाला कारभारी करून त्याच्या मुलाला गादीवर बसवण्याचा खटाटोपही केला, तो टिकला नाही. १८०३ च्या सुरुवातीस तो उत्तरेकडे निघून गेला.

तोपर्यंत वसईला ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने इंग्रजांशी तह केला होता. इंग्रजांची तैनाती फौज ठेवायची, तिच्या खर्चाला मुलूख तोडून द्यायचा, परराज्यांशी परस्पर बोलणे करायचे नाही. स्वराज्य लेखणीने गेले ते त्या दिवशी. ह्याचा दोष कोणाचा, ह्यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. काही मित्र म्हणतात, होळकराने पुण्यावर चाल केली नसती तर बाजीराव इंग्रजांकडे गेलाच नसता. काही म्हणतात, विठोजीला हत्तीच्या पायी दिले नसते तर होळकर आलाच नसता. मला वाटते, यशवंतरावाचे मागणे रास्त होते आणि त्याची लढाई शूराची होती, पण लढाई जिंकून काय करायचे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला धनी हवा होता आणि त्याच्या तोफांनी धनीच पळवून लावला.

त्या तहाचा एक परिणाम आम्हा शिरूरच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. इंग्रजांची तैनाती फौज घोडनदीच्या काठी, शिरूरला छावणी करून राहिली. म्हणून आज इथे गोऱ्यांचे जुने कबरस्थान आहे. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसचे थडगे त्यात आहे. हा वॉलेस १८०३ साली असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांवर चालून गेलेल्या इंग्रजी पलटणींपैकी काहींचा नायक होता. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की शिरूरचे लोक त्याला सत्पुरुष म्हणत आणि सुगीच्या वेळी थडग्यापुढे नव्या धान्याचा नैवेद्य ठेवत. ह्याच छावणीतून १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री निघालेली, महार शिपाई मोठ्या संख्येने असलेली पलटण दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी भिडली. ते प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे.

असईला शिंदे-भोसले हरले तेव्हा यशवंतराव दूर राहून पाहत होता. ही त्याची सर्वांत मोठी चूक होती. हडपसरचे रक्त वाळलेले नव्हते, शिंद्यांवर त्याचा विश्वास बसेना आणि शिंद्यांचा त्याच्यावर. ते दोघे मोडल्यावर १८०४ साली तो एकटा इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. इंग्रजांशी लढायला तयार नाहीत म्हणून त्याने आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची डोकी उडवली, त्यांत हडपसरला त्याच्यासाठी लढलेला विकर्सही होता. मग त्याने कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्ऱ्यापर्यंत भर पावसाळ्यात पळवत नेले. दिल्लीला वेढा घातला, तो उठवावा लागला. डीग आणि फर्रुखाबादला मार खाल्ला. त्यानंतर तो भरतपूरच्या जाट राजाच्या आश्रयाला आला. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लॉर्ड लेकने भरतपूरच्या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा खंदकात माणसे सोडून त्याला परतावे लागले. इंग्रजांची तीन हजारांवर माणसे त्यात जायबंदी वा ठार झाली. पण जाट राजाने अखेर तह केला. यशवंतराव पंजाबपर्यंत गेला, रणजितसिंगांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजघाटला त्याने तह केला. तहात त्याची दौलत बरीचशी राहिली, हे त्या काळात थोडे नव्हते.

उरलेली वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती वाचवत नाहीत. माळव्यात परतल्यावर भानपुऱ्याला त्याने तोफा ओतण्याचा कारखाना घातला. भट्टीपाशी तो रात्रंदिवस स्वतः राबे. इंग्रजांशी पुन्हा लढायचे, आणि ह्या खेपेस तोफांत आपण कमी पडायचे नाही, एवढाच ध्यास. ह्याच काळात पुतण्या खंडेराव आणि भाऊ काशीराव ह्यांचे मृत्यू झाले. काशीरावाचा तर खून झाला. दोन्हींचा संशय यशवंतरावावर घेतला जातो. ज्या खंडेरावाच्या सुटकेसाठी पुण्यावर चाल केली त्याचाच हा शेवट. १८०८ च्या सुमारास त्याला वेड लागले. त्याला बांधून ठेवण्याची पाळी आली. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्याला तो वारला. वय पस्तीसही पुरे नव्हते.

मागे लहान मुलगा मल्हारराव आणि कारभार पाहणारी तुळसाबाई. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज इंग्रजांसमोर उभी राहिली. लढाईच्या आदल्या दिवशी फौजेतल्याच लोकांनी तुळसाबाईचा शिरच्छेद केला. २१ तारखेच्या सकाळी इंग्रजी पलटणी नदी उतरून होळकरांच्या तोफांच्या रांगेवर चालून आल्या. ह्या वेळी तट होळकरांचा होता आणि चाल करणारे दुसरे होते. नदीच्या उतारावर तोफांनी इंग्रजांची शेकडो माणसे लोळवली. होळकरांचे स्वार लवकर निघून गेले. गोलंदाज तोफांपाशी उभे राहिले आणि इंग्रजांच्या संगिनी येऊन भिडेपर्यंत बार करीत राहिले.